आईच्या कानातला सेल

१

मेलेला सेल उडतो आणि जिवंत सेल बसतो. आमच्या कामात पहिल्या दिवशी शिकवतात ते एवढंच. रिमोटमधला, टॉर्चमधला, भिंतीवरच्या घड्याळातला कुठलाही साधा पेन्सिल सेल घ्यायचा, चार बोटं वर धरायचा आणि टेबलावर सोडायचा. आत जीव असेल तर ठप् करून जागच्या जागी राहतो. संपलेला असेल तर टण् करून उडी मारतो. नव्या माणसाला हे उलटं वाटतं. मला नाही वाटत. आमच्या घरात मेलेल्यांनाच जास्त उड्या मारताना पाहिलंय मी.

वापरलेल्या सेलच्या केंद्रात निवडायच्या टेबलावर बसून मला बारा वर्षं झाली. दुकानांच्या दारात, शाळांत, इमारतींच्या जिन्याखाली आमचे पिवळे डबे असतात. त्यात लोक सेल टाकतात, सेलबरोबर खिळे टाकतात, खाल्लेलं च्युइंगगम टाकतात, एकाने तर कवळी टाकली होती. ते सगळं आमच्या टेबलावर येतं. साधे सेल एका पिंपात, चार्जिंगचे दुसऱ्यात, मोबाइलमधले वाळूच्या पिंपात. ज्यांच्या बुडाला पांढरी बुरशी आलीय ते गळके सेल वेगळ्या डब्यात. पिंप भरलं की झाकण ठोकायचं, ट्रक येतो आणि भट्टीवर घेऊन जातो. तिथे वितळवून त्यातला धातू काढतात म्हणे. भट्टी मी कधी पाहिलेली नाही.

बाकीचे लोक मीटर लावून बघतात. मला फक्त आवाज पुरतो. सुपरवायझरने एकदा माझी परीक्षा घेतली, पाठ करून उभी राहा म्हणाला, आणि शंभर सेल टाकले. एकही चुकला नाही. तेव्हापासून बटण सेलचं काम माझ्याकडे आलं, कारण त्याला आवाजापेक्षा चिकाटी लागते आणि ती माझ्यात आहे हे त्याला कळलं. बटण सेल एकमेकांना लागले तर तापतात, कधी पेटतातही. म्हणून चिकटपट्टीवर ओळीने मांडायचे आणि वरून दुसरी पट्टी दाबायची. आम्ही त्याला तोंड बांधणं म्हणतो.

"बाई, तुमच्याइतकं सुबक तोंड कोणी बांधत नाही," शेजारी बसणारा पोपट म्हणतो. त्याचं खरं नाव वेगळं आहे, पण सकाळी आठला तो सुरू होतो तो चार वाजता थांबतो.

"तुझंही बांधून देऊ का?" मी विचारते. तो हसतो आणि पुन्हा सुरू होतो.

घरी मी आणि आई. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत तिचा पलंग, आत स्वयंपाकघर आणि माझी गादी. आई ऐंशीच्या पुढची, आणि मशीन काढलं की ठार बहिरी. दाराची बेल तिच्या कानाशी धरून वाजवा, मान वळणार नाही. मशीन लावलं की मात्र सगळं ऐकू येतं, अगदी जे ऐकू येऊ नये तेही. त्या मशीनला मुगाएवढा बटण सेल लागतो. त्याच्या पाठीवर एक स्टिकर असतो. स्टिकर काढला की आत हवा शिरते आणि सेल चालू होतो.

"तो श्वास घ्यायला लागतो असं समज," मी आईला सांगितलं होतं. "मग तू तो वापर नाहीतर नको वापरूस, तो संपणारच. थांबवता येत नाही."

हे तिला मीच शिकवलं. दुसऱ्या कोणावर खापर फोडायची सोय नाही.

२

दर रविवारी सकाळी मी सेल बदलायचे. जुना काचेच्या बरणीत टाकायचा, महिनाभराचे जमले की घरीच तोंड बांधायचं आणि सोमवारी केंद्रात न्यायचे. बरीच वर्षं हे असंच चाललं होतं.

त्या रविवारी मी चार सेलची पट्टी तयार करून टेबलावर ठेवली आणि भाजी आणायला गेले. आल्यावर पाहते तर पट्टी मधोमध कापलेली, कात्री बाजूला, आणि सेल तीन.

"आई, एक सेल कुठे गेला?"

आई पलंगावर बसून शालीच्या दशा सोडवत होती. तिने ऐकलं नाही. तासाभरापूर्वी मी स्वतः नवा सेल घालून गेले होते. मी जवळ जाऊन मोठ्यांदा विचारलं. तरी नाही. तिची मान मात्र हलत होती. सावकाश, दुसरं कोणीतरी बोलत असावं आणि ती ऐकत असावी तशी.

"हो," ती म्हणाली. थोडी थांबली. "हो का? मग?"

मी तिच्या कानातून मशीन काढलं. तिने हात धरला, पण माझ्या हातात तिच्यापेक्षा जोर आहे. मशीनचं झाकण उघडलं. आतला सेल चिकट होता, त्याच्या कडेला माझ्याच पट्टीचा गोंद लागलेला. नवा सेल उशीखाली सापडला. कामावरचं छोटं मीटर माझ्या पिशवीत असतं. चिकट सेलला लावलं. काटा हललाच नाही.

म्हातारपण, मी मनात म्हटलं. गंमत वाटली असेल, काढून घातला असेल. बहिरं माणूस मान हलवतं, सगळेच हलवतात, समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून. पण समोर कोणी नव्हतं. समोर भिंत होती आणि भिंतीवर थांबलेलं घड्याळ होतं, ज्याचा सेल बदलायला मला, बारा वर्षं सेलमध्ये काढलेल्या बाईला, वेळ मिळाला नव्हता.

नवा सेल घालून मशीन पुन्हा तिच्या कानात बसवलं. "काय चाललं होतं?" मी विचारलं.

"ओरडू नकोस," आई म्हणाली. "ऐकू येतंय मला." मग तोंड फिरवून म्हणाली, "वाक्य अर्धवट राहिलं तिचं."

३

तिचं म्हणजे धाकटीचं. आमच्या घरात ती म्हटलं की धाकटी. मी पाच वर्षांनी मोठी, पण मला कधी ती म्हणत नाहीत. मला अगं म्हणतात.

कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात तशी ती होती. रंग माझ्यासारखाच, नाक माझ्यासारखंच, पण तिने दारात पाऊल टाकलं की आईच्या चेहऱ्यावर दिवा लागायचा. त्या दोघी स्वयंपाकघरात कुजबुजत बसायच्या, हसायच्या, आणि मी आत गेले की गप्प व्हायच्या. "काय झालं?" विचारलं तर "काही नाही गं," म्हणायच्या. मी पाण्याचा पेला भरून घ्यायचे आणि बाहेर यायचे. माझं सगळं लहानपण मी पाणी पीत काढलं.

पुढे ती लग्न करून दूर गेली. आईला सांभाळायला मी राहिले. मला वाटलं, आता तरी. पण पिकतं तिथे विकत नाही. मी रोज भाकरी करून वाढायचे आणि आई आठवड्यातून एकदा येणाऱ्या फोनची वाट बघायची.

तीन वर्षांपूर्वी एका दुपारी धाकटीचा फोन आला. तापाने हॉस्पिटलात आहे हे आम्हाला माहीत होतं, इतकं वाढलंय हे नव्हतं. आवाज बारीक होता. "ताई, आईला दे ना," ती म्हणाली. कशी आहेस नाही, काय करतेस नाही. आईला दे. त्या दिवशी माझी पाठ भरून आली होती, सकाळपासून आईचे कपडे, आईचं औषध, आईचं पथ्य चाललं होतं. आणि फोन उचलला की मी फक्त आईकडे जायचा रस्ता.

"आई झोपली आहे," मी म्हणाले.

"नाही गं. भांडी घासतेय. ऐकू येतंय मला."

खरंच घासत होती. नळ चालू होता आणि आई गुणगुणत होती. मी फोन ठेवून दिला. संध्याकाळी धाकटीच्या नवऱ्याचा फोन आला, तोवर सगळं संपलं होतं. आई महिनाभर एकच म्हणत राहिली, "शेवटी एकदा फोन का नाही केला गं तिने? माझी आठवण नसेल आली का?" मी म्हणाले, "शुद्ध नसेल." एवढंच. त्यापुढे मी कधी काही बोलले नाही, आणि आईच्या कानावर ते जाऊ नये यासाठी मी काहीही करेन हे मला तेव्हापासून माहीत आहे. माझ्याकडे आईचं प्रेम नव्हतं, पण तिचा विश्वास होता. तेवढाच होता.

मशीन जिथून घेतलं त्या कानवाल्याकडे मी त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी गेले. तो मऊ बोलणारा माणूस आहे, दिवसभर बहिऱ्यांशी बोलूनही.

"होतं असं," तो म्हणाला. "कान रिकामा राहिला की मेंदू तो भरून काढतो. कोणाला गाणी ऐकू येतात, कोणाला गेलेली माणसं. सेल वेळेवर बदला म्हणजे झालं."

"पण ती मुद्दाम मेलेला घालते," मी म्हणाले.

"मग तिला तेच ऐकायला आवडत असेल," तो म्हणाला. माझ्या मनाला किती लागलं हे त्या बिचाऱ्याला कळलंही नसेल.

४

त्यानंतर रोज तेच. मी साडेचारला घरी यायचे. जिन्यातच आईचं हसणं ऐकू यायचं. ती इतकी मोकळी हसते हे मी विसरून गेले होते. किल्ली फिरवून आत गेले की ती हसत असायची आणि माझ्याकडे बघून हसणं पुसून टाकायची. मला हेवा वाटायचा, सरळ सांगते. जिवंतपणी वाटला त्याच्या दुप्पट. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते काय खोटं नाही, पण आमच्याकडे म्हैस मेल्यावर स्वतः येऊन दूध देत होती.

मी नवा सेल घालायचे, ती माझी पाठ वळली की काढायची. नव्या सेलने माझा आवाज यायचा. मेलेल्याने तिचा. आई रोज निवड करत होती आणि रोज माझ्या डोळ्यांदेखत करत होती.

एका सकाळी मी तिचे केस विंचरत असताना ती म्हणाली, "ती शाई तू सांडली होतीस होय?"

"कसली शाई?"

"तिच्या चित्रांच्या वहीवर. मी तिलाच मारलं होतं."

कंगवा माझ्या हातात तसाच राहिला. धाकटी तेव्हा सहा वर्षांची होती. खोलीत मी आणि ती, दोघीच. तिनेच कधीतरी सांगितलं असेल, मी स्वतःला समजावलं. आईला आत्ता आठवलं असेल. मन कुठूनही काही काढतं.

आठ दिवसांनी दुसरं आलं. "तिची मैत्रीण गाव सोडून जाताना भेटायला आली होती म्हणे. तू दारातूनच सांगितलंस, घरी नाही. ती आत आंघोळ करत होती."

"कोण म्हणतं?"

आईला माझं ऐकू आलं नाही. मशीनमध्ये कोणता सेल होता ते मला बघायचीही गरज नव्हती. ती बोलत राहिली, रागावून नाही, नुसती सांगत. "नळाच्या आवाजातही तिला ऐकू आलं होतं. तिने तुला कधी बोलून दाखवलं नाही. मोठ्या मनाची आहे पोर."

मी आत जाऊन पाणी प्यायले. तेव्हा धाकटी सतराची होती. सहा, मग सतरा. ती पायऱ्या चढावी तशी वर येत होती, आणि सगळ्यात वरच्या पायरीवर तो फोन होता.

५

सोमवारी मी घरातला एक एक मेलेला सेल वेचला. बरणीतले, पट्टीतले, उशीखालचे, चपलेत लपवलेले दोन, शालीच्या गाठीतला एक, आणि मशीनमधलासुद्धा. केंद्रात नेले आणि एकेकाचं तोंड बांधलं. एक पट्टी नाही, तीन तीन.

"बाई, एवढी चिकटपट्टी? ते काय पळून जाणार आहेत?" पोपट म्हणाला.

"तू तुझे बघ."

पिंपात टाकले, झाकण मी स्वतः ठोकलं. त्या दिवशी ट्रक येणार होता. मी फाटकात उभी राहून तो वळणाआड जाईपर्यंत बघितला. सुपरवायझरला वाटलं बाईला कामाबद्दल फारच जिव्हाळा आहे.

जाताना कानवाल्याकडून नव्या सेलचं मोठं पाकीट घेतलं, साठ सेलचं. वर्षभराची काळजी मिटली. घरी येऊन आईच्या मशीनमध्ये नवा घातला आणि तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले. आईने इकडे तिकडे पाहिलं.

"कुठे गेली?" तिने विचारलं.

"कोण?"

तिचा चेहरा एकदम लहान झाला. मला वाईट वाटलं, नाही असं नाही, पण आतून एक उकळीही फुटली. मी जिंकले होते. त्या आठवड्यात मी तिला पेपर वाचून दाखवला, केंद्रातल्या गमती सांगितल्या, कवळीची गोष्ट दोनदा सांगितली. ती हूं म्हणायची. जेवण अर्धंच करायची. पण ऐकत होती, माझं ऐकत होती. आयुष्यात पहिल्यांदा आईचा कान फक्त माझा होता. दर रविवारी मी पाकिटातून एक सेल काढायचे, जुना खिशात घालायचे आणि सोमवारी नेऊन पिंपात टाकायचे. घरात मेलेला सेल ठेवायचा नाही असा नियमच केला.

पाकीट टेबलाच्या खणात होतं. मी वरचाच थर बघत होते. खाली काय आहे ते बघायचं मला सुचलं नाही.

महिना दीड महिना असा गेला. मग एका गुरुवारी साडेचारला मी जिना चढत होते आणि दुसऱ्या मजल्यावरच मला आईचं हसणं ऐकू आलं.

६

मी सगळं घर शोधलं. बरणी रिकामी, उशीखाली काही नाही, चपलेत काही नाही. शुक्रवारी शोधलं, शनिवारी शोधलं. आई पलंगावर बसून माझ्याकडे बघत होती, लहान मुलाच्या खेळाकडे बघावं तशी. मशीन हातात द्यायलाच ती तयार नव्हती. झोपतानाही मुठीत.

रविवारी सकाळी चहा पिताना ती आपणहून बोलली. "आज शेवटचं काय ते सांगते म्हणाली. आंघोळ करून घे म्हणाली, मग निवांत बस."

"आई, नको ऐकूस," मी म्हणाले. मग तिचा हात धरून म्हणाले, "आई, मी सांगते. काय असेल ते मीच सांगते." आणि खरंच सांगितलं. नळ चालू होता तिथपासून सगळं. तीन वर्षांत पहिल्यांदा. आई बशीत चहा ओतत होती. माझं एक अक्षर तिच्या कानात गेलं नव्हतं. माझं बोलून झालं, तिने बशी संपवली आणि म्हणाली, "साखर कमी पडली."

दुपारी ती आंघोळीला गेली. मशीन ओलं होऊन चालत नाही, म्हणून नाइलाजाने उशीवर ठेवून गेली. न्हाणीघराची कडी लागली. पाण्याचा आवाज सुरू झाला.

मी मशीन उचललं. उजेडात धरायला पलंगापलीकडच्या खिडकीचा पडदा सारला, शोधताना मी तो हलवलाच नव्हता, आणि तिथेच थांबले. खिडकीच्या कट्ट्यावर सेल मांडलेले होते. ओळीने, दहा दहाच्या, पाठी वर करून. एकाही पाठीवर स्टिकर नव्हता. ते इवलेसे गोल स्टिकर खिडकीच्या चौकटीवर वरपासून खालपर्यंत नीट चिकटवलेले होते. माझ्या साठांतले पन्नास. ट्रक गेला त्याच आठवड्यात तिने ते सोलून ठेवले असणार आणि मग पडदा ओढून वाट बघत बसली असणार. ते श्वास घेऊन घेऊन संपेपर्यंत.

मशीनमधला सेल काढून मीटर लावलं. काटा हलला नाही. मी तो परत आत घातला. मेंदू भरून काढतो, कानवाला म्हणाला होता. माझा कान काही रिकामा नाही. माझा कान शंभरात शंभर आहे. मला काही ऐकू येणार नाही आणि मग हा विषय संपेल, असं म्हणून मी मशीन माझ्या डाव्या कानात बसवलं.

आधी काहीच नाही. कापसाचा बोळा घातल्यासारखं. मग नळ. मला वाटलं न्हाणीघराचा आहे. पण हा नळ भांड्यांवर पडत होता. ताटावर ताट ठेवल्याचा आवाज आला, आणि त्याच्यामागे कोणीतरी गुणगुणत होतं. आईचा तीन वर्षांपूर्वीचा आवाज, जरा भरीव.

"ताई?" अगदी जवळून. "तू का? आईला दे ना."

पुढचं मी ठरवून बोलले नाही. तोंडातून आपोआप गेलं. "आई झोपली आहे."

"नाही गं," धाकटी म्हणाली. "भांडी घासतेय. ऐकू येतंय मला."

माझ्यामागे कडी निघाली. आई दारात उभी होती, केसांतून पाणी गळत होतं, गाऊनची बटणं वरखाली लागलेली. कानात काही नव्हतं. दाराची बेल कानाशी वाजवली तरी मान न वळवणारी माझी आई. तिने हात पुढे केला.

"दे," ती म्हणाली. "किती वेळ थांबवून ठेवशील तिला?"

मी दिलं असं सांगायला मला आवडलं असतं. देणं सोपं होतं, दोन पावलांचं काम. तिला कळलेलंच होतं, लपवायला काही उरलं नव्हतं. पण तो हात माझ्यासाठी पुढे आलेला नव्हता. तो कधीच आला नाही माझ्यासाठी. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, आणि मी आईच्या डोळ्यांत बघत कानातल्या त्या आवाजाला, मोठ्यांदा, स्पष्ट सांगितलं, "आई झोपली आहे म्हटलं ना."

आईचा हात हळूहळू खाली आला. ती माझ्याकडे बघत राहिली. राग नव्हता त्यात. मला वाटतं, तिला माझी कीव आली.

"बरं," ती म्हणाली. पलंगावर गेली, भिंतीकडे तोंड करून आडवी झाली आणि शाल खांद्यावर ओढली. कानातला नळ बंद झाला. मी मशीन काढलं. पाच वाजता चहा घेऊन गेले तेव्हा तिचे केस अजून ओले होते आणि खांदा गार होता. खालच्या मजल्यावरचे डॉक्टर आले. झोपेतच गेल्या, म्हणाले, त्रास नाही झाला. नशीबवान बाई.

७

कट्ट्यावरचे सेल मी केंद्रात नेले नाहीत. तिथेच आहेत, ओळीने.

मशीन मी वापरते. डाव्या कानात. केंद्रात सगळ्यांना वाटतं मला कमी ऐकू यायला लागलंय, आणि ते खोटंही नाही. सेल उडला की बसला ते हल्ली मला डोळ्यांनी बघावं लागतं. पोपट मोठ्यांदा बोलतो आता, आणि अधूनमधून चक्क थांबून माझ्याकडे बघतो. सेल मी बदललेला नाही. जो संपलेलाच आहे तो आणखी काय संपणार?

आता त्यात दोघी असतात. भांडी नसतात, नळ नसतो, नुसतं स्वयंपाकघर असतं. कुजबुज, मधेच हसणं. शब्द लागत नाहीत. मी खूप लक्ष देते, कामाचं टेबल, पोपट, ट्रक, सगळं विसरून लक्ष देते. वाटतं आता माझं काहीतरी निघेल. शिव्या दिल्या तरी चालतील. शाईचं बोलू दे, फोनचं बोलू दे. पण माझा विषय निघत नाही.

काल दुपारी केंद्रातून आले, आईच्या पलंगावर बसले आणि राहवलं नाही. "मी पण आहे," मी म्हणाले. "ऐकतेय मी."

दोघी गप्प झाल्या. मी पाण्याला उठले नाही या वेळी. तशीच बसून राहिले, श्वास रोखून. बराच वेळ गेला. त्यांना वाटलं असावं मी गेले. मग धाकटी हसू दाबत काहीतरी विचारायला लागली, आणि आईने तिला थांबवलं. पहिल्यांदाच शब्द नीट लागले.

"थांब गं जरा," आई म्हणाली. "आधी तिला झोपू दे."